रॉकाबिलवरचा एक दिवस

पहाटे ५. डब्लिनच्या उत्तरेला स्केरीज हे मासेमारीचं गाव. तिथून सहा-सात किलोमीटर आत, समुद्रात, रॉकाबिल: दीपगृह आणि भोवती थोडा खडक. उजाडलंय आणि हजारो सुरय पक्षी ओरडतायत. अशा कलकलाटात झोप कसली! दीपगृहाच्या जुन्या घरात दोन वॉर्डन राहतात. नोकरी बर्डवॉच आयर्लंडची, पण हंगामापुरतीच. त्यांतल्या एकीच्या मागे आज राहू.

सकाळी ६:३०. चहा, पाव, लोणी. किराणा बोटीने येतो. वारा सुटला की बोट लागत नाही, मग आहे ते पुरवून खायचं. आयर्लंडमध्ये २०२५ साली किमान वेतन तासाला १३.५० युरो होतं. इथले तास घड्याळाने मोजायचे ठरवलं तर हिशेब लागणार नाही.

सकाळी ८. अंगात जुना रेनकोट, डोक्यावर जाड टोपी. दार उघडताच साधे सुरय वरून सूर मारतात आणि चोच थेट टाळूत. टोपी नसेल तर रक्त येतं. कोट तासाभरात विष्ठेने पांढरा होतो. तिला राग येत नाही. याच भांडखोर शेजाऱ्यांच्या आधाराने गुलाबी सुरय इथे वसतात, आणि ती आली आहे ती त्यांच्यासाठी.

सकाळी ९. बेटावर शेकडो लाकडी पेट्या मांडल्यात. साध्याच, पुढून उघड्या. गुलाबी सुरयाला आडोसा लागतो: पावसापासून आणि मोठ्या कुरवांपासून. पेटीत एक-दोन अंडी असतात, क्वचित जास्त. ती गुडघ्यावर बसते, वाकून बघते, वहीत आकडा लिहिते. उठते, दोन पावलं, पुन्हा बसते. पाऊल टाकण्याआधी जमीन बघायची, कारण साध्या सुरयांची अंडी उघड्यावरच असतात आणि रंग खडकासारखा. दोन तासांत कंबर धरते.

सकाळी ११:३०. एक पिल्लू वाळूच्या रंगाचं, पिसं ओल्या झाडूसारखी टोकदार. ती त्याला कापडी पिशवीत घालून काट्याला अडकवते, वजन घेते. मग पाठ तळहातावर, मान दोन बोटांत. दोन्ही पायांत एकेक कडं, पकडीने हलकेच दाबलेलं. कडं पायावर सैल फिरतंय ना, हे बोटाने बघते. पिल्लू जिथलं होतं तिथेच, त्याच पेटीत परत. पुढे हे कडं दुर्बिणीतून वाचता येतं. हिवाळ्यात हे पक्षी पश्चिम आफ्रिकेत, घानाच्या किनाऱ्यापर्यंत जातात.

दुपारी १:३०. जेवण. खिडकीसमोरून काळा गिलेमॉट जातो, लाल पायांचा. हा खडकाच्या फटीत अंडी घालतो. त्याच्याच कुळातला मार्बल्ड मरेलेट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहतो. खातो समुद्रातलं, पण अंडं घालतो जुन्या जंगलातल्या उंच झाडाच्या शेवाळलेल्या फांदीवर. अमेरिकेत त्याचं घरटं पक्षीशास्त्रज्ञांना सापडलं ते १९७४ साली, तेही झाडावर चढलेल्या एका कामगारामुळे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

दुपारी ३. दुर्बीण, वही, तीन तास एका जागी. कुठला पक्षी कुठल्या पेटीत काय आणतोय? सँडईल की स्प्रॅट? चोचीच्या किती पट लांब? मासा दिसतो क्षणभर. पापणी लवली की नोंद गेली.

रात्री ८. दिवसाची वही नीट उतरवून घ्यायची. इथलं दीपगृह १९८९ मध्ये स्वयंचलित झालं, रखवालदार गेले. त्याच वर्षापासून वॉर्डन येऊ लागले. तेव्हा गुलाबी सुरयाच्या दीडशेच्या आसपास जोड्या होत्या, पुढे त्या दीड हजारांवर गेल्या. युरोपातली ही सर्वांत मोठी वसाहत. हे सगळं गुडघ्यावर बसून झालेलं काम आहे.

रात्री १०:३०. आता कुठे अंधार. दीपगृहाचा झोत समुद्रावर फिरतो. ती बूट दाराबाहेर ठेवते, टोपी धुऊन खुंटीला टांगते.

आपल्या वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवरही सुरय घरटी करतात. घरट्यांच्या दिवसांत तिकडे गेलात तर बोटीतूनच बघा. खडकावर पाय ठेवू नका.