यूडीआयडी कार्ड: दिव्यांग मुलाचा फॉर्म भरताना मोबाईल नंबर कुणाचा द्याल?

माझं गाव मुळशी धरणाच्या बाजूला आणि नोकरी हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये. दोन्ही एकाच मुळशी तालुक्यात, पण गावात ओटीपी यायचा तर फोन घेऊन गच्चीवर जावं लागतं. आमच्या शेजारच्या वहिनींच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. त्याच्या यूडीआयडीचा फॉर्म मीच फोनवरून भरला आणि त्यात एक चूक केली. ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून हा लेख.

यूडीआयडी म्हणजे काय?

हे केंद्र सरकारचं दिव्यांग ओळखपत्र. त्यावर १८ अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. १ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र याच पोर्टलवरून दिलं जातं. कार्डाचे रंग तीन: ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असेल तर पांढरा, ४० ते ८० च्या आत पिवळा, ८० आणि त्यापुढे निळा.

मुलाला याचा उपयोग काय?

- शाळा: ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.
- उपचार: राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी आहे. त्यात ठराविक मर्यादेपर्यंत थेरपीचा खर्चही येतो.
- प्रवास: ४० टक्क्यांच्या पुढे एसटीच्या तिकिटात ७५ टक्के सवलत.

फॉर्म कसा भरायचा?

१. ब्राउझरमध्ये 'स्वावलंबन यूडीआयडी' सर्च करा. साइटचा पत्ता 'डॉट गव्ह डॉट इन'ने संपतोय ना, ते आधी बघा. सारख्या दिसणाऱ्या साइटवर आधार नंबर टाकू नका.

२. मुलाचं नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे तशीच टाका. 'कुमार' किंवा आडनावाचा एखादा फरकही पुढे त्रास देतो.

३. अलीकडचा फोटो, आधार आणि पत्त्याचा पुरावा अपलोड करा. फाइल मोठी असेल तर आधी छोटी करून घ्या.

४. तपासणीसाठी आपल्या जिल्ह्यातलं रुग्णालय निवडा. पुणे जिल्ह्याचं जिल्हा रुग्णालय औंधला आहे.

५. मिळालेला नोंदणी क्रमांक स्क्रीनशॉटवर सोडू नका, वहीत लिहून ठेवा.

फोनचं काम इथे संपतं. टक्केवारी डॉक्टर ठरवतात, त्यामुळे मुलाला घेऊन तपासणीला जावंच लागतं. जुने रिपोर्ट सोबत न्या.

माझी चूक

मोबाईल नंबरच्या रकान्यात मी माझा नंबर टाकला. म्हटलं, वहिनींना कशाला त्रास! पुढे मी नोकरी बदलली आणि कंपनीचं सिम परत केलं. मुलाचं प्रमाणपत्र तात्पुरतं होतं. लहान मुलांची स्थिती वाढीनुसार बदलते, म्हणून अशा प्रमाणपत्राला मुदत असते. ती कधी संपली ते कुणालाच कळलं नाही. लॉगिन करायला गेलो तर ओटीपी बंद नंबरवर!

नंबर बदलून पुन्हा तपासणी होईपर्यंत विमा अडकला. पैशांअभावी दोन महिने फिजिओथेरपी बंद राहिली. भिंत धरून उभा राहायला लागलेलं ते पोरगं पुन्हा बसूनच राहिलं, पहिल्यापासून सगळं शिकवावं लागलं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, पुढच्या वेळी माझाच नंबर टाका. मला मेसेज वाचता येतो."

म्हणून नंबर नेहमी पालकांचाच द्या. प्रमाणपत्राच्या मुदतीचा रिमाइंडर त्यांच्याच फोनमध्ये तीन महिने आधीचा लावून ठेवा.

निदानच झालं नसेल तर?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलं तपासतं. मूल उशिरा बसतंय किंवा बोलत नाहीये असं वाटलं, तर अंगणवाडी ताईंना पुढची तारीख विचारा.

कार्डाने काय होत नाही?

अंतर कमी होत नाही. गोखलेनगरच्या 'कामायनी'सारख्या विशेष शाळा पुण्यात आहेत. ताम्हिणीकडच्या गावातून रोज जाऊन-येऊन मुलाचे हालच होतील. कुळे गावात 'साधना व्हिलेज' आहे, पण ते प्रौढांसाठी निवासी केंद्र आहे. अशा वेळी गावच्या शाळेतच नाव घाला आणि मुख्याध्यापकांना समग्र शिक्षा योजनेच्या विशेष शिक्षकांबद्दल विचारा. तीव्र दिव्यांगत्व असेल तर घरी शिक्षण घेण्याची तरतूद २०१२ पासून शिक्षण हक्क कायद्यात आहे.

आपल्यासाठी हा अर्ध्या तासाचा फॉर्म आहे. गावी गेलात की एका घरी जाऊन भरून द्या. फक्त नंबर त्यांचा टाका.