एक धरण, एक धडा आणि तीन वयाची मुले

पुण्याहून ताम्हिणीकडे निघाले आणि पौड मागे पडले, की काही वेळातच मुळशीच्या जलाशयाचे पाणी दिसू लागते. पावसाळ्यातील सुटीच्या दिवशी येथे मोटारींच्या रांगा लागतात. भाजलेली कणसे खात, छायाचित्रे काढत शहरी कुटुंबे या निळ्या पाण्याचे कौतुक करतात. या पाण्याखाली गावे आहेत आणि ती बुडू नयेत म्हणून शंभर वर्षांपूर्वी याच खोऱ्यातील माणसे तुरुंगात गेली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या पालकांपुढे इतिहासाच्या बाबतीत जो पेच उभा राहतो, तो समजून घेण्यासाठी मुळशीसारखे उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

पेच साधा आहे. घरात सहा, दहा आणि चौदा वर्षांची तीन मुले आहेत आणि शिकवणारी आई किंवा वडील एकच. शाळेत प्रत्येक इयत्तेला वेगळे पुस्तक आणि वेगळा वर्ग असतो. घरात तिघांसाठी तीन स्वतंत्र अभ्यासक्रम राबवायचे ठरवले, तर वर्षाच्या मध्यावरच पालक थकून जातात. मधला मार्ग म्हणून दहा वर्षांच्या मुलाला झेपेल असा एकच धडा सर्वांना शिकवला, तर धाकटीला तो कळत नाही आणि थोरलीला त्यात रस राहत नाही.

आपल्याकडे होमस्कूलिंगला ठरावीक चौकट नाही. २००९ चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यात घरच्या शिक्षणाचा स्वतंत्र उल्लेख नाही. अशी अनेक मुले पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावीच्या बरोबरीची परीक्षा देतात आणि तिच्यासाठी किमान वय १४ वर्षे आहे. तोपर्यंत काय आणि कसे शिकवायचे, हे बहुतांशी पालकांच्याच हाती असते. हे स्वातंत्र्य मोलाचे असले, तरी त्याची जबाबदारीही तेवढीच मोठी आहे.

या पेचावरील तोडगा नवा नाही. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळांमधील शिक्षक दोन-दोन, तीन-तीन इयत्ता एकाच खोलीत शिकवत आले आहेत. विषय एक ठेवायचा आणि अपेक्षा वयानुसार बदलायची, हे त्यामागील सूत्र. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० मध्ये हाच विचार सिद्धान्त म्हणून मांडला. कोणताही विषय कोणत्याही वयाच्या मुलाला प्रामाणिकपणे शिकवता येतो, मात्र पुढे त्याच विषयाकडे पुन्हा पुन्हा आणि अधिक खोलवर जावे लागते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या या मांडणीतील ‘प्रामाणिकपणे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तो का, हे मुळशीच्या कथेत दिसते.

कथेची रूपरेषा अशी. मुंबईच्या गिरण्यांना आणि शहराला वीज हवी होती. सह्याद्रीच्या माथ्यावर भरपूर पाऊस पडतो आणि पश्चिमेला कोकणात सुमारे ५०० मीटरचा उतार मिळतो, हे हेरून टाटांनी जलविद्युत प्रकल्प उभारले. खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये आणि भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले. तिसऱ्या प्रकल्पासाठी मुळा आणि नीला या नद्यांच्या पाण्यावर मुळशीत धरण बांधायचे ठरले. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन सरकारने कंपनीसाठी जमिनी ताब्यात घेतल्या. भातशेती करणाऱ्या मावळ्यांना पैसे नको होते, जमीन हवी होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ ही त्याची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. लढा १९२४ पर्यंत चालला. अखेर धरण झाले आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले.

हीच हकिकत तिन्ही मुलांना एकाच बैठकीत सांगता येते. वेगळेपणा सुरू होतो तो त्यानंतर.

पाच ते आठ वर्षांच्या मुलांना काळाचा अंदाज नसतो. शंभर वर्षे म्हणजे किती, हे त्यांना आजीच्या आजीच्या दाखल्यानेच कळते. त्यांना हवी असते नदी, गाव, भाताचे खाचर, घरातली चूल आणि वाढत जाणारे पाणी. त्यांनी गोष्ट आपल्या शब्दांत परत सांगावी आणि तिचे चित्र काढावे, एवढे पुरे. इंग्लंडमधील शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन यांनी मुलाने ऐकलेले परत सांगण्याच्या या पद्धतीवर शंभर वर्षांपूर्वीच भर दिला होता. त्यात मुलाला काय उमगले, हे परीक्षा न घेता कळते.

नऊ ते बारा वर्षांची मुले ‘का’ विचारू लागतात. त्यांच्या हाती नकाशा द्यावा. मुळेचे पाणी मूळच्या वाटेने पुण्याकडे, पुढे भीमा आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे जाते. धरणाने अडवलेले पाणी मात्र भिऱ्याला उतरून कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळते. नकाशावर हे दोन बाण काढले, की वीज कोणाला मिळाली आणि जमीन कोणाची गेली, हा प्रश्न मुले स्वतःच विचारतात. याच वयात सनावळीचा कागदी पट्टा भिंतीवर लावता येतो.

तेराच्या पुढील मुलांसमोर पुरावे ठेवावेत. लढ्यातील एक नेते विनायकराव भुस्कुटे यांनी या सत्याग्रहाचा वृत्तांत लिहिला आहे. पुढे राजेंद्र व्होरा यांनी त्यावर संशोधनपर ग्रंथ लिहिला. लढणाऱ्याचे लेखन आणि अभ्यासकाचे लेखन यांत काय फरक पडतो, हे मुलांनी शोधावे. येथे कथा गुंतागुंतीची होते. मुळशीतील बरीच जमीन सावकारांकडे होती. मोबदल्याची तडजोड त्यांना चालणारी होती, कसणाऱ्यांना नव्हती. अहिंसक सत्याग्रह अपुरा वाटल्यावर बापटांनी १९२४ च्या अखेरीस सशस्त्र मार्गाने रेल्वेगाडी अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. मग याला सत्याग्रह म्हणायचे का? १८९४ च्या कायद्याशेजारी २०१३ चा भूसंपादन कायदा ठेवला, तर या चर्चेला आजचे परिमाण मिळते. खासगी कंपनीसाठीच्या संपादनाला ८० टक्के बाधित कुटुंबांच्या संमतीची अट या नव्या कायद्याने घातली.

खरी कसोटी मात्र सर्वांत लहान मुलाच्या प्रश्नाची असते. ‘मग जिंकले कोण?’ असे ते विचारतेच. अशा वेळी शेवट गोड करण्याचा मोह पालकांना होतो. गावकऱ्यांना दुसरीकडे छान घरे मिळाली, असे सांगून मोकळे होणे सोपे असते. उलट बाजूने, कंपनीला गोष्टीतला राक्षस बनवणेही सोपे असते. दोन्ही मार्गांनी पुढे अडचणच होते. आठ वर्षांनी तेच मूल कागदपत्रे वाचेल, तेव्हा आधी शिकलेले त्याला पुसून टाकावे लागेल आणि सांगणाऱ्यावरचा विश्वासही डळमळेल. ‘धरण झाले, गावे गेली, मुंबईला वीज मिळाली,’ एवढे उत्तर सहा वर्षांच्या मुलालाही पेलते. लहानांसाठी इतिहास थोडका असावा, पण खोटा नसावा.

प्रत्यक्षात आठवड्याला तीन बैठका पुरतात. पहिलीत सर्वांसाठी एकत्र कथन, दुसरीत प्रत्येकाचे वेगळे काम आणि तिसरीत तिघांनी आपापले काम एकमेकांपुढे मांडणे. थोरल्या भावंडाने धाकट्याला समजावून सांगावे, पण त्याला बिनपगारी शिक्षक करू नये. त्याच्या अभ्यासाचा वेळ त्याचाच राहिला पाहिजे.

पाश्चात्त्य देशांतील अनेक होमस्कूलिंग कुटुंबे जगाचा इतिहास चार वर्षांत विभागतात आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. त्यामुळे प्रत्येक मूल तोच काळ दोन-तीनदा, दर वेळी मोठे होऊन पाहते. मराठी घरात हे चक्र सातवाहनांपासून संयुक्त महाराष्ट्रापर्यंत सहज फिरवता येईल. पहिल्या फेरीतील चित्रे आणि वह्या मात्र जपून ठेवाव्यात. सहाव्या वर्षी बुडणारे गाव रंगवणारी मुलगी चौदाव्या वर्षी तेच चित्र समोर ठेवून भुस्कुट्यांचा वृत्तांत वाचेल. आपण तेव्हा काय पाहिले होते आणि काय पाहिले नव्हते, हे तिला कळेल. मग ताम्हिणीच्या वाटेवर ते निळे पाणी दिसले, की कणीस खाता खाता ती मोटारीतील इतरांना त्याखालच्या गावांविषयी सांगू लागेल.