तव्यापाशी प्रार्थना

ब्रदर लॉरेन्स हा लॉरेन प्रांतातला गरीब माणूस. आधी सैनिक, युद्धात जखमी झालेला. १६४० साली तो पॅरिसच्या कार्मेलाइट मठात आला आणि वाट्याला आलं स्वयंपाकघर, तेही मुळात नावडतं. तरी तव्यावरचं ऑम्लेट तो देवाच्या प्रीतीखातर उलटायचा. हात मोकळे झाले की जमिनीवर लोटांगण घालून त्याला भजायचा. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ त्याला वेगळी वाटतच नसे. चूक झाली तर देवापाशी कबूल करून कामाला लागायचा, कुढत बसायचा नाही. (मला हेच सगळ्यात अवघड वाटतं.) पुढे त्याच्याकडे चपला दुरुस्तीचं काम आलं. १६९१मध्ये तो वारला. त्याची पत्रं आणि संभाषणं नंतर जोसेफ द बोफोर यांनी प्रसिद्ध केली. त्यांचं पुस्तक छोटंसं आहे, जरूर वाचा.