'पर्यंत' एक, अर्थ दोन

समजा, सुट्टीत तुम्ही पुण्याला मामूंच्या घरी गेला आहात. एका पाहुण्यांना तुम्हांला भेटायचे आहे. तुम्ही त्यांना इंग्रजीत कळवता, 'आय विल बी इन पुणे बाय फ्रायडे.' तुमच्या मनात असते, की मी शुक्रवारपर्यंत पुण्यात राहीन. पाहुणे मात्र शनिवारी येतात आणि तुम्ही तर गावी परतलेले असता!

चूक कोठे झाली? 'बाय फ्रायडे' म्हणजे शुक्रवारी किंवा त्याआधी पोहोचेन. तुम्हांला लिहायचे होते, 'टिल फ्रायडे'.

ही चूक का होते, ते पाहा. उर्दूत 'जुमे तक आऊँगा' आणि 'जुमे तक रहूँगा' असे आपण म्हणतो. मराठीतही 'शुक्रवारपर्यंत येईन' आणि 'शुक्रवारपर्यंत राहीन' असे म्हणतात. 'तक' आणि 'पर्यंत' दोन्हीकडे तेच राहतात. अर्थातला फरक क्रियापद सांगते. इंग्रजीत मात्र हा लहान शब्दही बदलावा लागतो.

मग निवड कशी करावी? 'पर्यंत' काढून तेथे 'च्या आत' ठेवून पाहा. 'सहाच्या आत घरी येईन' हे वाक्य बरोबर वाटते. म्हणून तेथे 'बाय'. 'सहाच्या आत घरी राहीन' हे चुकीचे वाटते; म्हणून तेथे 'टिल'. एकदा घडून संपणाऱ्या कामाला 'बाय', चालू राहणाऱ्या कामाला 'टिल'.

'से' आणि 'पासून' यांचेही असेच आहे. 'मी 2022 पासून मराठी शिकतो', 'मी तीन वर्षांपासून मराठी शिकतो.' इंग्रजीत पहिल्या वाक्यात 'सिन्स' येते, दुसऱ्यात 'फॉर'. येथे 'गेली' हा शब्द लावून पाहा. 'गेली तीन वर्षे' असे म्हणता येते, तेथे 'फॉर'. 'गेली 2022' असे कोणी म्हणत नाही, तेथे 'सिन्स'.

अशा शब्दांना उर्दूत हर्फ-ए-जार आणि मराठीत शब्दयोगी अव्यय म्हणतात. ते दिसायला लहान असतात. पण शब्दाला शब्द ठेवून त्यांचे भाषांतर होत नाही. आधी आपल्या वाक्याचा अर्थ नीट पाहा, मग इंग्रजी शब्द निवडा.

स्वाध्याय
पुढील वाक्ये इंग्रजीत लिहिताना कोणता शब्द वापराल? कारण सांगा.
1. अर्ज 10 तारखेपर्यंत पाठवा.
2. दुकान रात्री नऊपर्यंत उघडे असते.
3. अब्बा पाच वर्षांपासून या कारखान्यात आहेत.