पंच्याहत्तरीचा चहा

हाँगकाँगमध्ये आपल्यापैकी बहुतेकांची पुअर चहाशी पहिली ओळख डिमसमच्या टेबलावर होते. बसल्या बसल्या वेटर विचारतो, चहा कोणता? आणि शेजारच्या टेबलावरचे आजोबा म्हणतात, "पो-लेई." तोच हा पुअर. रंगाने कॉफीसारखा, मातीच्या वासाचा, दूध-साखर न घालता प्यायचा. पहिल्यांदा प्यायले तेव्हा मला तो काढाच वाटला होता. आज तो आमच्या घरात रोज होतो, आणि त्याला कारण माझे आबा.

आई गेल्यानंतर आबा सांगलीहून सहा महिने आमच्याकडे राहायला आले. रक्तातली साखर वाढलेली, म्हणून डॉक्टरांनी गोड चहा सकाळी एकदाच सांगितलेला. दिवसाला पाच कप पिणारा हा माणूस. दुपारचे चार वाजले की ते उगाचच स्वयंपाकघरात येऊन उभे राहायचे आणि पाणी पिऊन परत जायचे. मला बघवेना. दुधाचा चहा साखरेशिवाय त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता. मग पुअर का नको, असं मनात आलं.

त्याच महिन्यात त्यांची पंच्याहत्तरी होती. मी एका दुकानातून पुअरची दाबलेली चकती आणली. वेष्टनावर आकडा होता ७५७२. विक्रेता म्हणाला, "जुना माल आहे." ७५ म्हणजे १९७५ सालचा, असा अर्थ मीच लावला आणि दोन हजार हाँगकाँग डॉलर मोजले.

आबांनी कौतुक केलं. रोज चार वाजता कपभर चहा मुकाट्याने प्यायचे. आठ दिवसांनी मी स्वतः घोट घेतला. ओल्या पोत्यासारखा वास आणि घशात खवखव!

"आबा, हे तुम्ही कसं पिता?"

"तू एवढ्या हौसेनं आणलास," ते म्हणाले.

आबांची चाळीस वर्षं सांगलीच्या बाजारात, हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून गेली. हरिपूरच्या पेवांतून निघालेली हळद नुसत्या वासावरून पारखणारा माणूस. मी खोदून विचारल्यावर म्हणाले, "अगं, पेवात पाणी शिरलं की हळदीला असाच वास येतो. मुरणं वेगळं आणि कुबट होणं वेगळं."

मग मी जरा माहिती काढली. आपला नेहमीचा काळा चहाही 'आंबवलेला' म्हणवला जातो, पण तिथे पानातल्या रसावर हवेचं काम होतं. पुअर खरोखर आंबतो, सूक्ष्मजीवांमुळे. चीनच्या युन्नान प्रांतातल्या मोठ्या पानांचा, उन्हात वाळवलेला चहा हा त्याचा कच्चा माल. त्यातला 'शेंग' वर्षानुवर्षं सावकाश मुरतो. 'शौ' मात्र पानांचे ढीग घालून, पाणी मारून, झाकून, उलथेपालथे करत दीड-दोन महिन्यांत तयार होतो. ही पद्धत १९७३ च्या सुमारास कुनमिंगच्या कारखान्यात बसवली गेली, आणि तिला निमित्त झालं ते हाँगकाँगच्या गिऱ्हाइकांचं मुरलेल्या चहाचं वेड. आणि तो आकडा? ७५ हे मिश्रणाची कृती ठरली ते साल, ७ ही पानांची प्रत, २ हा मेंगहाई कारखान्याचा क्रमांक. म्हणजे यंदा केलेल्या चकतीवरही ७५७२ असू शकतं! आमच्या चकतीत दोष असलाच तर तो ती ओलीत ठेवणाऱ्याचा होता, आणि आकड्यावर भाळणारीचा.

पुढच्या रविवारी आबांनाच घेऊन शेउंग वानमधल्या दुसऱ्या दुकानात गेले. दुकानदार आजीबाईंना इंग्रजी येत नव्हतं, आबांना कँटोनीज. पण आबांनी चिमूटभर चहा तळहातावर घेऊन नाकाशी धरला, तशा त्या हसल्या आणि पाणी उकळायला ठेवलं. त्या दिवशी शिकलेलं थोडक्यात सांगते.

रोजच्यासाठी शौ घ्यावा, सुटा घेतला तरी चालतो. चकती साधारण ३५७ ग्रॅमची असते. आधी शंभर ग्रॅमच न्यावा. कोरड्या पानांना माती, जुनं लाकूड, खजूर यांसारखा वास चालेल. नव्या शौला ढिगाचा थोडा वास असतो, तो काही महिन्यांत उतरतो. कुबट, आंबट किंवा अत्तरासारखा वास आला, पांढरी-हिरवी लव दिसली, तर सरळ नको म्हणावं. रंग कितीही गडद असो, पेला उजेडात धरला की चहा नितळ दिसला पाहिजे. घोट मऊ उतरावा, घसा खरवडू नये. शेवटी उरलेली पानं बोटांत चोळून पाहावीत. ती उलगडावीत, कोळशासारखी कडक नकोत आणि बुळबुळीतही नकोत.

करायलाही सोपा. पाच ग्रॅम चहावर उकळतं पाणी ओतून ते पहिलं पाणी फेकून द्यायचं. मग दीडशे मिलीलिटर पाणी घालून पंधरा-वीस सेकंदांत गाळायचा. तीच पानं सहा-सात वेळा चालतात. आणि डबा गोडा मसाला, हिंग यांच्यापासून दूर ठेवा. पहिल्या खेपेला माझ्या चहाला हिंगाचा वास लागला होता!

पुअर हे औषध नव्हे. आबांच्या गोळ्या चालूच आहेत. पण चारचा चहा त्यांना परत मिळाला. सांगलीला जाताना अर्धा किलो बरोबर नेला. तो संपत आला की फोन येतो. मागच्या वेळी म्हणाले, "त्या आजीबाईंकडचाच आण. आणि हे बघ, नाही आवडला तर या वेळी मी सांगेन."