विश्लेषण : सायकलस्वारासाठी चौक धोक्याचा का? डच चौकांत वेगळे काय?

पुण्यासह आपल्या शहरांत सायकल ट्रॅक बहुधा चौकाच्या तोंडाशीच संपतो. सायकलस्वाराला त्याची खरी गरज असते ती तिथेच.

धोका नेमका कुठे?

सरळ जाणारी सायकल डाव्या कडेला असते आणि शेजारचा ट्रक डावीकडे वळतो. सायकल चालकाच्या ‘ब्लाइंड स्पॉट’मध्ये असते. वळताना ट्रकची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. सायकलस्वार त्यांच्याखाली सापडू शकतो.

डच उपाय काय?

नेदरलँड्समध्ये अनेक चौकांच्या कोपऱ्यांवर छोटी बेटे असतात. त्यामुळे वळताना गाडीचा वेग कमी होतो. सायकलची क्रॉसिंग पट्टी सुमारे ५ मीटर, म्हणजे एका कारच्या लांबीइतकी आत असते. वळलेली कार तिथे थांबू शकते. चालकाला सायकल आरशात शोधावी लागत नाही, समोरच्या काचेतूनच दिसते.

आपल्याकडे जमेल का?

तिथे वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे आराखडा उलटा करावा लागेल. अडचण ‘फ्री लेफ्ट’ची आहे. अनेक चौकांत सिग्नल लाल असतानाही डावीकडे वळणारी वाहने थांबत नाहीत. ही सवलत कायम राहिली, तर कोपऱ्यावरचे बेट शोभेपुरतेच उरेल.