यात्रेवर अवकाळी आणि विम्याचे छत्र

चामोर्शी तालुक्यात वैनगंगा आपली दक्षिणेची वाट सोडून जेथे उत्तरवाहिनी होते, तेथे तिच्या काठी मार्कंडादेवाचे प्राचीन मंदिर उभे आहे. मृकंडऋषींच्या अल्पायुषी पुत्राने यमपाश गळ्यात पडत असताना शिवलिंगाला मिठी मारली व चिरंजीवपद मिळविले, ती पुराणकथा या स्थानाशी जोडलेली आहे. ज्या देवाने साक्षात काळाला परतविले, त्याच्याच देवालयावर मात्र सुमारे दोन-अडीचशे वर्षांपूर्वी वीज कोसळली आणि शिखराचा भाग महामंडपावर पडून त्याचे छत भंगले, असे जुन्या वर्णनांतून आढळते. शतकानुशतके उभा असलेला पाषाण जेथे विजेपुढे टिकला नाही, तेथे महाशिवरात्रीला बांबू, पत्रा आणि कापड यांवर उभ्या राहणाऱ्या यात्रेची काय कथा!

महाशिवरात्र थंडीच्या अखेरीस येते, म्हणून आकाश निरभ्रच असेल असे आपण गृहीत धरतो. पण २०१८ साली शिवरात्र १३ फेब्रुवारीला होती आणि ११ तारखेला मराठवाडा व पश्चिम विदर्भावर गारांचा मारा झाला. चंद्रपूरच्या महाकालीची यात्रा तर ऐन चैत्रातली. नांदेड-परभणीकडून आणि तेलंगणातून आलेले भाविक झरपट नदीत स्नान करून आईच्या दर्शनाला उभे राहतात, तेव्हा माथ्यावर या जिल्ह्याचे प्रसिद्ध ऊन असते आणि दुपार कलली की वावटळीसह वळवाचे ढग कधी चढतील याचा नेम नसतो.

अशा वेळी काय घडू शकते, हे आपल्याच विदर्भाने पाहिले आहे. ९ एप्रिल २०२३ च्या रात्री अकोला जिल्ह्यातील पारस येथे बाबूजी महाराज संस्थानात भाविक जमले होते. वादळ सुटले, पाऊस आला, माणसे पत्र्याच्या शेडखाली आश्रयाला गेली आणि कडुनिंबाचा जुना वृक्ष त्या शेडवर कोसळला. सात जण दगावले, कित्येक जखमी झाले. ज्या छपराखाली माणसे जीव वाचविण्यास गेली, तेच त्यांच्यावर आले.

‘देवाच्या कार्याला विमा कशाला? तो समर्थ आहे’, असे अनेक वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यांच्या श्रद्धेला वंदन करूनही म्हणावेसे वाटते की, विमा हा देवाचा नसतोच. तो असतो मंडपवाल्याचा, आचाऱ्याचा, रात्रभर रांग सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाचा. अनेकांनी थोडेथोडे द्यावे आणि ज्याच्यावर घाला पडेल त्याला त्यातून सावरावे, ही कल्पना आपल्याला परकी नाही. धानाच्या शेतकऱ्याला पीकविमा ठाऊक आहे. पावसाच्या मोजमापावरच विमा बांधावा, अशी योजना म्हैसूरच्या जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० सालीच ग्रंथरूपाने मांडली होती.

मुंबईत किंग्ज सर्कलच्या जी. एस. बी. सेवा मंडळाने २०२५ च्या गणेशोत्सवासाठी ४७४ कोटी ४६ लाख रुपयांचा विमा उतरविला. आकडा ऐकून डोळे विस्फारतात आणि चर्चा रंगते ती बाप्पाच्या सोन्याची. वास्तविक सोन्या-चांदीचा वाटा ६७ कोटींचा. स्वयंसेवक, पुजारी, आचारी, पादत्राणे सांभाळणारे, पहारेकरी यांच्या अपघात विम्याचा वाटा मात्र ३७५ कोटींचा. भाविकांना इजा झाल्यास येणाऱ्या जबाबदारीसाठी ३० कोटी निराळे. आग व तत्सम आपत्तींसाठी अवघे २ कोटी. सर्वांत श्रीमंत उत्सवानेही जोखीम मोजली ती प्रथम माणसांची. मार्कंड्याच्या वा महाकालीच्या यात्रेला सोन्याचा प्रश्न लहान असेल, माणसांचा नाही.

लहान संस्थानाने यातून काय घ्यावे? आगीच्या विमापत्रात वीज, वादळ व पूर यांचा समावेश असतो, परंतु कनात, तंबू, कमानी अशी तात्पुरती उभारणी त्यात स्पष्ट शब्दांत नोंदवून घ्यावी लागते. नाहीतर दावा पंचनाम्यातच अडकतो. नुकसानीचा पहिला ठरावीक हिस्सा आयोजकांनीच सोसायचा असतो. कार्यक्रम रद्द झाल्यास मिळणारी भरपाई ही झालेल्या व परत न मिळणाऱ्या खर्चाची असते. दानपेटीत पडले असते त्या रकमेची नव्हे. सार्वजनिक दायित्वाचा विमा आयोजकांवर कायद्याने जबाबदारी आली तरच कामी येतो, अपघात विम्यात मात्र दोष कोणाचा हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. म्हणून हाती पैसा थोडा असेल, तर आमच्या मते पहिला हप्ता स्वयंसेवकांच्या अपघात विम्याचा भरावा. खारघर येथे १६ एप्रिल २०२३ च्या सोहळ्यानंतर उन्हाच्या तडाख्याने चौदा जण दगावले; उष्माघात ‘अपघात’ ठरतो की नाही, हे विमापत्राच्या शब्दांवर अवलंबून असते. चंद्रपूरकरांनी तो प्रश्न सहीपूर्वीच विचारावा.

राहिले ते प्रसाद, बांगड्या, खेळणी विकणारे पालवाले. वादळाने त्यांचे पाल उडाले की वर्षाची कमाई चिखलात जाते, आणि संस्थानाच्या विम्यात त्यांचे नावही नसते. जागेच्या भाड्यात थोडी रक्कम मिळवून त्यांच्या मालाचा एकत्रित विमा उतरविता येईल का, हे विमा कंपनीच्या नागपूर वा चंद्रपूरच्या कार्यालयात जाऊन विचारण्याजोगे आहे. मात्र हा अर्ज मंडपाची सुपारी देतानाच भरावा. हवामान खात्याचा इशारा निघाल्यावर धावपळ करून गेलेल्या आयोजकाला, दिसत असलेल्या वादळाचा विमा कोणी देत नाही. आणि त्याच दिवशी महसूल सेवकाला बरोबर घेऊन शेडवर झुकलेली जुनी झाडे पाहून यावीत. त्याला हप्ता लागत नाही.